आधी पंचांग, मग नकाशा

कोकण किनाऱ्याने एकटीने जायचं ठरलं की मी नकाशाआधी पंचांग उघडते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून जाते. ती ओहोटीतच करावी आणि निघण्यापूर्वी देवळापाशी वेळ विचारून घ्यावी. भरतीची लाट तिथे माणूस ओढून नेते. सोबत कोणी नसताना हा हिशेब टाळूच नये.

पुढचं सगळं खाड्या ठरवतात. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. फेरीबोटीत स्कूटर चढते आणि लांबचा वळसा वाचतो. शेवटची फेरी किती वाजता, हे आदल्या दिवशीच विचारायचं. ती चुकणार असं दिसलं, तर अंधारात अनोळखी घाटवळणं घेण्यापेक्षा मी खाडीअलीकडेच मुक्काम करते.

मुक्कामाला घरगुती जेवण देणारं घर बघते. काकूंना सकाळीच सांगितलं की रात्री ताजी मासळी आणि सोलकढी मिळते. हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव मात्र सोडू नका, त्यासाठी एक रात्र वाढली तरी वाढू द्या. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, मे महिन्यात घामाने जीव नकोसा होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.