धातुजन्य पेशीमृत्यू आणि पितळी भांड्यातील दूध

जीवपेशीस अत्यावश्यक असलेला धातूच प्रमाणाबाहेर साचल्यास तिच्या नाशास कारण होतो. लोहावर अवलंबून असणाऱ्या अशा पेशीमृत्यूस 2012 साली डिक्सन, स्टॉकवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फेरोप्टोसिस’ हे नाव दिले. यात लोहाच्या योगाने पेशीपटलातील असंतृप्त मेदाम्लांचे पेरॉक्सिडीकरण होते. जीपीएक्स-4 हे विकर त्यास आवर घालू शकले नाही, म्हणजे पटल भंगते. 2022 साली त्स्वेत्कोव्ह, गोलब प्रभृतींनी ताम्रजन्य पेशीमृत्यू वर्णिला. त्यात तांबे तंतुकणिकांतील लिपॉइक आम्लयुक्त प्रथिनांशी बद्ध होऊन त्यांच्या गुठळ्या बनवते. फेरोप्टोसिस थांबविणारी द्रव्ये येथे निष्प्रभ ठरतात. तांबे बांधून ठेवणारी द्रव्ये मात्र पेशी वाचवितात.

हा दुसरा प्रकार पुणे जिल्ह्याच्या अनुभवाशी निकटचा आहे. अवसरी बुद्रुकसारख्या गावांतील जुन्या स्वयंपाकघरांत तांब्या-पितळेची भांडी सर्रास असत. कल्हई नसलेल्या अशा भांड्यात दूध तापविले वा साठविले, की तांबे दुधात उतरते व त्यातील केसीनशी बद्ध होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील आनंद पंडित व शीला भावे आणि इंग्लंडमधील स्टुअर्ट टॅनर यांनी बालकांच्या यकृत सूत्रण रोगाचा अभ्यास केला. निरोगी यकृताच्या शुष्क वजनात दर ग्रॅमला साधारणतः 50 मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे आढळते. या रुग्णांत ते 800 हूनही अधिक आढळे. अगदी तान्हेपणी पितळी भांड्यातील जनावराचे दूध सुरू होणे हे संभाव्य कारण म्हणून 1983 साली मांडले गेले. पेनिसिलामाइन हे तांबे बांधणारे औषध वेळीच मिळालेली काही मुले वाचली. भांडी बदलली, तसा हा बहुधा प्राणघातक रोग जवळजवळ नाहीसा झाला.

तथापि त्या यकृतपेशी क्युप्रोप्टोसिसनेच मेल्या, असा निष्कर्ष यावरून निघत नाही. तांबे मेदाम्लांच्या पेरॉक्सिडीकरणासही चालना देऊ शकते. आणि पेनिसिलामाइनचा गुण तांब्याचा दोष दाखवितो, मृत्यूची रीत दाखवीत नाही. जतन केलेल्या यकृत-ऊतींत लिपॉइक प्रथिनांच्या गुठळ्या व मेदाम्ल-विघटनाच्या खुणा शेजारी शेजारी तपासणे, हा निर्णयाचा एक मार्ग होय. येथे प्रतिबंध आधी साधला. यंत्रणेचा उलगडा मागाहून व्हावयाचा आहे. विल्सन रोगात आजही यकृतात तांबे साचते, म्हणून तो उलगडा केवळ इतिहासापुरता नाही.