फरचे पोशाख शिवताना छाती सांभाळा

शाळांची स्नेहसंमेलने जवळ आली की राजुरी, आळे, बेल्हे या भागात घरी शिलाई करणाऱ्या ताईंकडे वेगळे काम येते. कुणाला अस्वल हवे, कुणाला माकड. जुन्नर तालुका बिबट्यांचा, तेव्हा ठिपक्यांच्या फरचा बिबट्याही आलाच. शेजारचे नारायणगाव तर तमाशाची पंढरी, म्हणून सोंगांचे पोशाख आपल्याला नवे नाहीत. नवे आहे ते हे कापड. चार पोशाख कापून झाले की नाकात, डोळ्यांत, पोळपाटावर, बाळाच्या झोळीत सगळीकडे बारीक केस दिसतात. ‘केसच आहेत, जातील’ असे म्हणून आपण झाडू हातात घेतो. खरा त्रास तिथेच वाढतो.

नकली फर म्हणजे विणलेल्या पाठीवर बसवलेले ऍक्रिलिकचे किंवा पॉलिस्टरचे केस. हे एक प्रकारचे प्लास्टिकच. कात्री फरच्या बाजूने चालवली की हजारो केस मधूनच तुटतात. डोळ्यांना दिसणारे तुकडे बहुधा नाकात आणि घशात अडकतात. त्यांनी शिंका येतात, घसा खवखवतो आणि दमा असलेल्याला धाप लागते. पण त्यांच्यासोबत न दिसणारी धूळही उडते. डोक्यावरच्या केसाची जाडी साधारण 70 मायक्रॉन धरली, तर 10 मायक्रॉनपेक्षा बारीक कण छातीत उतरू शकतात आणि त्यांतले अगदी बारीक कण फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचतात. प्लास्टिक तिथे सहजी विरघळत नाही.

कापडाची धूळ छाती खाते, हे गिरणगावाने फार पूर्वी पाहिले. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बायसिनोसिसमध्ये सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की छाती आवळते. कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या यादीत हा रोग व्यवसायजन्य म्हणून नोंदलेला होता. आपल्या माणसांना त्या गिरण्यांत चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागतो, म्हणून विटाळ होतो, हे कारण सांगितले जाई. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढे आणला. कुणी कोणत्या खात्यात बसायचे आणि कोणती हवा श्वासात घ्यायची, हेही जातीने ठरत होते.

कृत्रिम धाग्याची गोष्ट त्यानंतरची. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका कारखान्यात नायलॉनचे धागे अगदी बारीक कापून कापडावर चिकटवत. 1990 च्या दशकात तिथल्या कामगारांना कोरडा खोकला आणि धाप लागू लागली. डॉ. डेव्हिड कर्न यांनी त्यांच्या फुप्फुसांचा आजार शोधून काढला. कंपनीचा विरोध असतानाही त्यांनी तो 1997 मध्ये डॉक्टरांच्या परिषदेत मांडला. त्या आजाराला ‘फ्लॉक वर्कर्स लंग’ म्हणतात. घरी दहा पोशाख शिवणाऱ्या ताईला इतकी धूळ लागत नाही, म्हणून घाबरून मशीन बंद करायचे कारण नाही. मात्र आठ-आठ तास फरच कापणाऱ्याने हे मनावर घ्यावे.

सगळ्यात मोठा फरक कापण्याच्या पद्धतीने पडतो. फर उलटी अंथरा, पाठीवर खडूने आखा आणि धारदार ब्लेडने फक्त पाठ चिरा. मग दोन्ही तुकडे हळूच ओढून वेगळे करा. केस अखंड राहतात, धूळ बरीच कमी होते, आणि शिवणही लपते. हे काम अंगणात किंवा पडवीत, वारा पाठीवर घेऊन करावे. कडेचे सुटे केस तिथेच ओल्या हाताने निपटून घ्यावेत. घरातच कापायचे असेल तर डोक्यावरचा पंखा बंद ठेवा. टेबलफॅन लावायचा तर तो मागून, हवा खिडकीबाहेर जाईल असा. केस झाडू नका, फुंकू नका; ओल्या फडक्याने पुसा. कामाचा गाऊन वेगळा ठेवा आणि तो तसाच घालून बाळाला जवळ घेऊ नका.

तोंडाला ओढणी गुंडाळल्याने मोठे केस अडतात, बारीक धूळ नाही. एन-95 किंवा एफएफपी-2 मास्क घ्या, तो गालाला घट्ट बसला पाहिजे. दाढी असलेल्या दादांना तो नीट बसत नाही. गोंदाच्या वाफेपुढे मात्र हा मास्क निकामी आहे. रबर सोल्युशनने फर चिकटवायची तर दारे-खिडक्या उघडी हवीत आणि चूल दूर हवी, कारण ती वाफ पेटते. कडा मेणबत्तीने भाजून बंद करायची सवय असेल तर ती आजच सोडा. ऍक्रिलिक जळताना त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघतो.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर ‘फरमुळे असेल’ म्हणून बसू नका. सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते. आधी क्षयरोग नाही ना, हे पाहून घ्या. काम बंद असताना बरे वाटते आणि सुरू झाले की पुन्हा धाप लागते, असे होत असेल तर डॉक्टरांना तसे सांगा, आणि श्वासाची स्पायरोमेट्री चाचणी करता येईल का ते विचारा. डॉक्टर बहुतेक वेळा बिडी आणि चुलीबद्दल विचारतात, शिलाईबद्दल नाही. तेव्हा आपणच सांगावे: काय कापतो, रोज किती तास, किती वर्षांपासून. जमले तर फरचा एक तुकडाही सोबत न्यावा.