खोताचीवाडी

खोताचीवाडी ही दक्षिण मुंबईतील गिरगाव भागातील जुन्या घरांची वसाहत आहे. जगन्नाथ शंकरशेट मार्गालगत असलेल्या या वाडीत अरुंद, वळणाच्या गल्लीच्या दोन्ही बाजूंना लाकडी व्हरांड्यांची एकमजली आणि दुमजली घरे आहेत. चर्नी रोड हे पश्चिम रेल्वेचे स्थानक येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ईस्ट इंडियन समाजाची जुनी वस्ती म्हणून ही वाडी ओळखली जाते. येथे एके काळी सुमारे ६५ जुनी घरे होती. त्यांपैकी निम्म्याहून कमी शिल्लक राहिली असून उपलब्ध नोंदींमध्ये ही संख्या २८ च्या आसपास दिली जाते. त्यामुळे राहती, खासगी मालकीची घरे असलेल्या गल्लीचे जतन कसे करावे, या प्रश्नाचे उदाहरण म्हणून खोताचीवाडीचा उल्लेख वारंवार होतो.

नाव आणि इतिहास

गिरगाव परिसर पूर्वी नारळीच्या बागांचा आणि वाड्यांचा होता. फणसवाडी, आंबेवाडी, गायवाडी ही तेथील स्थलनामे त्या काळाची आठवण देतात. ‘खोत’ म्हणजे सरकारसाठी जमीनमहसूल गोळा करणारा वतनदार. अठराव्या शतकाच्या अखेरीस पाठारे प्रभू समाजातील खोतांनी आपल्या जमिनीचे भूखंड स्थानिक ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले आणि त्यातून ही वसाहत उभी राहिली, असे सांगितले जाते.

ईस्ट इंडियन हे मुंबई, साष्टी, वसई या पट्ट्यातील मूळ रहिवासी असून पोर्तुगीज काळात त्यांच्या पूर्वजांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांची बोली मराठीचीच एक शाखा आहे. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव अधिकृतपणे धारण केले. कालांतराने वाडीत इतर समाजांची कुटुंबेही राहू लागली. वाडीतील ‘अनंताश्रम’ ही खानावळ गोमंतकी पद्धतीच्या मासळीच्या जेवणासाठी प्रसिद्ध होती. ती आता बंद झाली आहे.

घरांची रचना

वाडीतील घरांवर पोर्तुगीज वास्तुशैलीचा प्रभाव असला, तरी त्यांची मांडणी कोकणातील हवामानाला अनुरूप आहे. उतरते कौलारू छप्पर, रुंद वळचण, रस्त्याकडे उघडणारा व्हरांडा, वरच्या मजल्यावरील लाकडी गॅलरी, नक्षीदार कठडे आणि बाहेरून चढणारा जिना ही त्यांची ठळक वैशिष्ट्ये आहेत. बाहेरच्या जिन्यामुळे वरचा मजला स्वतंत्रपणे वापरता येतो. बांधकामात सागवान, वीट आणि चुना यांचा वापर आढळतो. छपरावरील मंगलोरी कौले पश्चिम किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे अशा कौलांचा कारखाना सुरू केला होता.

या घरांचे मोल सुट्या इमारतींपुरते मर्यादित नाही. घरांची कमी उंची, व्हरांडा आणि गल्ली यांमधील जवळीक, कोपऱ्यावरचा क्रूस, झाडे आणि पायवाटेची रुंदी यांतून गल्लीचे रूप घडते. म्हणून मधले एक घर पडून तेथे उंच इमारत आली, तर शेजारच्या घरांचा उजेड, वारा आणि पाण्याचा निचरा यांवरही परिणाम होतो.

संवर्धनाची कायदेशीर चौकट

किल्ले, लेणी, मंदिरे यांसारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण १९५८ च्या केंद्रीय कायद्याने होते. लोक राहत असलेल्या घरांना हा कायदा सहसा लागू होत नाही. अशा घरांसाठी नगररचनेच्या नियमांचा आधार घ्यावा लागतो. बृहन्मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत १९९५ मध्ये वारसा संवर्धनाचा नियम क्र. ६७ लागू झाला. भारतातील एखाद्या शहराने केलेली अशी ही पहिली तरतूद मानली जाते. तिच्यानुसार वारसा वास्तूंची यादी, तीन श्रेणी आणि सल्ला देणारी मुंबई वारसा संवर्धन समिती अस्तित्वात आली. सुट्या इमारतींबरोबरच संपूर्ण ‘वारसा परिसर’ नोंदवण्याची सोयही त्यात होती. खोताचीवाडीची नोंद अशा परिसरांत होते. २०१८ मध्ये लागू झालेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये हीच तरतूद नियम क्र. ५२ म्हणून आहे.

यादीतील नोंदीने मालकी बदलत नाही. घर मालकाचेच राहते, त्याला ते विकताही येते. मात्र पाडकाम, पुनर्बांधणी किंवा बाह्यरूपातील बदल यांसाठी वास्तूच्या श्रेणीप्रमाणे परवानगी घ्यावी लागते. नोंदीमुळे अयोग्य बदल रोखता येतो, परंतु गळणारे छप्पर दुरुस्त होत नाही. यादीत नाव असूनही घरे का कमी होत गेली, याचे मुख्य कारण या मर्यादेत आहे.

घरे नाहीशी होण्याची कारणे

पहिले कारण आर्थिक आहे. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने बहुतांश जुन्या इमारतींची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीस मुभा मिळाली, तरीही मूळ भाडे अत्यल्प असल्याने दुरुस्तीचा खर्च त्यातून निघत नाही. भाडेकरूला निवाऱ्याची शाश्वती मिळाली, पण घराची डागडुजी कोणी करावी हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

दुसरे कारण जमिनीची किंमत हे आहे. दुमजली घर जेवढी जागा व्यापते, तेवढ्याच जागेवर नियमांनी अनेक मजले बांधता येत असतील, तर मालकाला घर राखण्यापेक्षा पाडणे लाभदायक ठरते. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी वाढीव चटईक्षेत्र देणारे नियम भाडेकरूंना सुरक्षित घर मिळावे या रास्त हेतूने झाले. जुन्या परिसरांत मात्र त्यांचा परिणाम संवर्धनाच्या नियमांच्या विरुद्ध दिशेने होतो. गिरगावात मेट्रोचे स्थानक झाल्याने हा दाब अधिकच वाढण्यासारखा आहे.

तिसरे कारण कौटुंबिक आहे. वारसाहक्काने घराचे अनेक सहमालक होतात आणि त्यांपैकी काही परगावी किंवा परदेशी स्थायिक होतात. सर्वांची संमती मिळत नाही तोवर मोठी दुरुस्ती अडून राहते. अशा वेळी विक्री हाच सोपा मार्ग वाटतो.

देखभाल आणि दुरुस्ती

कौलारू लाकडी घराची निगा दरवर्षी राखावी लागते. पावसाळ्यापूर्वी फुटकी कौले बदलणे, पन्हळी साफ करणे, तुळयांच्या भिंतीत शिरलेल्या टोकांची तपासणी करणे आणि वाळवीचा बंदोबस्त करणे ही नित्याची कामे होत. एक सरकलेले कौल वेळीच बसवले नाही, तर पाणी वाशावरून तुळईपर्यंत पोहोचते आणि काही पावसाळ्यांत संपूर्ण मजला धोक्यात येतो.

साहित्याची निवडही महत्त्वाची असते. चुन्याच्या भिंतीतील ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा दिल्यास ती आत कोंडली जाते आणि वीट व लाकूड कुजू लागतात. म्हणून मूळ साहित्याशी जुळणारे साहित्य वापरणे, कुजलेला भाग तेवढाच बदलणे आणि कामापूर्वी घराची मोजमापे व छायाचित्रे घेणे ही संवर्धनाची प्राथमिक तत्त्वे मानली जातात. चुना मळणारे गवंडी आणि सागवानी जोडकाम जाणणारे सुतार दुर्मीळ होत चालल्याने दुरुस्ती महाग होते.

गल्लीचे व्यवस्थापन

एका घराची दुरुस्ती मालक करू शकतो, परंतु गल्लीचे प्रश्न सामायिक असतात. वाहने उभी करणे, वीज व दूरध्वनीच्या लोंबकळत्या तारा, मलनिस्सारण, अग्निशमनाची सोय आणि कचरा यांसाठी रहिवासी, महापालिका व सेवा पुरवणाऱ्या यंत्रणा यांच्यात समन्वय लागतो. लाकडी घरांच्या दाटीत आगीचा धोका विशेष असतो.

पर्यटन हाही नाजूक विषय आहे. वाडी पाहण्यास विद्यार्थी, छायाचित्रकार व पर्यटक येतात. घराच्या काही खोल्या पाहुण्यांसाठी खुल्या केल्यास देखभालीस उत्पन्न मिळते. परंतु व्हरांडा हा कुटुंबाच्या घराचाच भाग असतो. विनापरवानगी छायाचित्रे घेतली गेल्यास रहिवाशांच्या खासगीपणावर आघात होतो.

इतर शहरांतील अनुभव

ॲम्स्टरडॅममध्ये १९५६ साली स्थापन झालेली ‘स्टॅड्सहर्स्टेल’ ही कंपनी मोडकळीस आलेली घरे विकत घेऊन दुरुस्त करते आणि भाड्याने देते. भाड्याचे उत्पन्न पुढील दुरुस्तीसाठी उपयोगी पडते. अहमदाबादमध्ये पोळांमधून जाणारी वारसा पदयात्रा १९९७ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये तेथील ऐतिहासिक शहराचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

मलेशियातील जॉर्ज टाउनचा अनुभव सावध करणारा आहे. तेथील भाडेनियंत्रण रद्द करण्याचा कायदा १९९७ मध्ये झाला आणि २००० च्या आरंभापासून भाडी मोकळी झाली. अनेक जुन्या भाडेकरूंना शहराचा मध्यभाग सोडावा लागला. २००८ मध्ये जॉर्ज टाउन जागतिक वारसा ठरले, तेव्हा घरे होती, पण त्यांतील मूळ वस्ती बरीच विरळ झाली होती. गोठवलेल्या भाड्याने घर झिजते आणि ते एकाएकी मोकळे केल्यास रहिवासी जातो, असे मुंबई आणि जॉर्ज टाउन यांच्या तुलनेतून दिसते.

व्यापक महत्त्व

खोताचीवाडीचा प्रश्न केवळ महानगराचा नाही. मराठवाड्यात पैठण, जालना यांसारख्या जुन्या शहरांत लाकडी खणांचे वाडे आणि खेड्यांतून माळवदाची घरे आढळतात. माळवदावर पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकून ती चोपावी लागते. हे काम थांबले की घर काही वर्षांत ढासळते. तेथे जमिनीचा भाव मुंबईसारखा नसला, तरी स्थलांतर, वाटण्या आणि कारागिरांचा अभाव ही कारणे समान आहेत.

राहत्या घरांच्या गल्लीचे संवर्धन तीन गोष्टींवर अवलंबून असते, असे या उदाहरणावरून म्हणता येते. पाडकाम रोखणारा नियम, दुरुस्तीसाठी नियमित पैसा आणि तेथेच राहू इच्छिणारी माणसे या त्या तीन गोष्टी होत. खोताचीवाडीला यांपैकी पहिली काही प्रमाणात मिळाली आहे. वाडीत आजही नाताळात कंदील लागतात आणि व्हरांड्यांतून शेजाऱ्यांच्या गप्पा चालतात. उरलेली घरे पुढील पिढीच्या ताब्यात कोणत्या स्थितीत जातील, हे इतर दोन गोष्टींची व्यवस्था होण्यावर ठरणार आहे.