बोटीची मोटर बदलताना
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला की रेडिओ खरखरतो, हा अनुभव पुष्कळांना असेल. मिक्सरच्या मोटरीत कार्बनचे दोन छोटे तुकडे असतात. त्यांनाच ब्रश म्हणतात. फिरत्या भागावर ते घासत राहतात, ठिणग्या उडतात आणि त्यांची खरखर रेडिओत ऐकू येते. आजची गोष्ट अशाच दोन ब्रशांची आहे.

माझे थोरले भाऊ सुतारकामात वाकबगार होते. आपल्या मुलासाठी त्यांनी मच्छीमार होडीची तीन फुटी प्रतिकृती बनवली होती. पोटात बॅटरीवरची मोटर, हातात रिमोट. भाऊ गेले, बोट राहिली. पुढे मोटर कुरकुरू लागली, तापू लागली. पुतण्या म्हणाला, "चाचा, ही काढून ब्रशलेस बसवू या. माप तेच आहे, जागेवर बसेल." मी यमकं जुळवणारा बी. ए. माणूस. म्हटलं, "बसव."

ब्रशलेस म्हणजे काय, हे मला नंतर समजलं. जुन्या मोटरीत तारांची वेटोळी फिरतात आणि चुंबक बाहेर स्थिर असतात. फिरत्या वेटोळ्यांना वीज पोचवायची आणि योग्य क्षणी तिची दिशा बदलायची, हे काम ब्रश करतात. नव्या मोटरीत उलट असतं. चुंबक फिरतात, वेटोळी जागच्या जागी राहतात. त्यामुळे ब्रशांचं घासणं नाही, ठिणगी नाही, वीजही कमी वाया जाते. विजेवरच्या स्कूटरमध्ये आणि बीएलडीसी पंख्यात हीच जात असते.

पण ब्रशांचं काम कुणीतरी करायला हवंच. ते कंट्रोलर करतो. म्हणून मोटरीबरोबर तोही बदलावा लागतो. जुन्याला मोटरीकडे जाणाऱ्या दोन तारा, नव्याला तीन. मोटर उलटी फिरली तर तिन्हींपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करायची. कंट्रोलर बोटीसाठीचाच घ्यावा. विमानाच्या कंट्रोलरला बहुधा उलटी चाल नसते.

पुतण्यानं हे सगळं नीट केलं. चूक झाली ती एका आकड्यात. ब्रशलेस मोटरीवर 'केव्ही' लिहिलेलं असतं. हे किलोव्होल्ट नव्हे. भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, तो हा आकडा. त्यानं 3000 ची मोटर आणली होती. 7.4 व्होल्टच्या बॅटरीवर ती मोकळी फिरली तर 22,200 फेरे! दुकानात ऐकायला छान वाटतं. पाण्यात मात्र पंखा दुप्पट वेगानं फिरवायचा तर साधारण आठपट शक्ती लागते. ती बॅटरीतून ओढली जाते आणि तारा, कंट्रोलर, मोटर सगळं तापतं.

तळ्याच्या मध्यावर बोट थांबली आणि तिच्यातून धूर निघू लागला. पुतण्या कपड्यांसकट पाण्यात उतरला. बोट वाचली, भावानं तासलेली डेकची एक फळी मात्र काळी पडली. त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही.

नंतर एका जाणकारानं समजावलं. आधी बोटीचं काम बघा, मग मोटर निवडा. जड, संथ बोटीला कमी केव्हीची मोटर पुरते. आम्ही 1000 ची घेतली. मोटर जेवढा करंट ओढेल त्याहून बऱ्यापैकी जास्त क्षमतेचा कंट्रोलर लावला, बॅटरीच्या तारेत फ्यूज घातला. लिथियम बॅटरीचा सेल तीन व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये, म्हणून कंट्रोलरला तशी मर्यादा घालून दिली. बॅटरी बोटीबाहेर काढून, समोर बसूनच चार्ज करायची. पहिली फेरी अर्ध्या मिनिटाची. मग बोट काठावर आणून मोटर हातानं चाचपायची.

एक खरं सांगायला हवं. अगदी मंद चालीत साधी ब्रशलेस मोटर सुरुवातीला थोडी अडखळते. त्या बाबतीत जुनी मोटर बरी. जुनी धड असेल आणि बोट निवांतच फिरवायची असेल, तर बदलायची घाई नको.

आता बोट एका चार्जमध्ये पूर्वीपेक्षा जास्त वेळ फिरते. आवाजही कमी. ती जळकी फळी बदलू का, असं मी विचारलं. पुतण्या म्हणाला, "नको चाचा. अब्बांच्या हातची आहे."