शिरोबिंदूचा माग

बजाजनगरात रात्रपाळीला निघालेल्या दुचाकीच्या हेडलाइटमधली जुन्या धाटणीची चकचकीत वाटी मधोमध उभी कापली, तर जी वक्ररेषा दिसते ती अन्वस्त. तिचा सर्वांत खोल बिंदू म्हणजे शिरोबिंदू.

बीजगणितात तो शोधायचा तर वर्ग पूर्ण करावा. य = क्ष² − ६क्ष + ११ म्हणजेच य = (क्ष − ३)² + २. वर्ग कधी ऋण होत नाही, म्हणून शिरोबिंदू (३, २). सूत्र पाठ करण्यापेक्षा हे एक वाक्य समजणे मला कितीतरी मोलाचे वाटते.

ही युक्ती आपल्या परिसराला परकी नाही. कन्नडचा घाट उतरला की चाळीसगावजवळ पाटण लागते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा शिलालेख तिथे आहे. भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ या ग्रंथात श्रीधराचार्यांची रीत नोंदवली आहे: दोन्ही बाजूंना क्ष²च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मग क्षच्या सहगुणकाचा वर्ग मिळवा. अपूर्णांक आडवे येतच नाहीत!

आता खरे कोडे. य = क्ष² + २कक्ष + ३क यात क बदलत गेला, तर शिरोबिंदू कुठून फिरतो? वर्ग पूर्ण करा: य = (क्ष + क)² + ३क − क². शिरोबिंदू (−क, ३क − क²). क = −क्ष ठेवताच य = −क्ष² − ३क्ष. म्हणजे शिरोबिंदूंची वाटही अन्वस्तच, पण उलटे! त्यातला सर्वांत उंच शिरोबिंदू क = ३/२ असताना मिळतो आणि त्याची उंची ९/४ असते.