उबेची गळती थांबविणारी घरे

नाताळच्या सुमारास आपल्याकडे पहाटे शाल पांघरावी लागली, तर थंडीचे कौतुकच होते. मध्य युरोपात मात्र हिवाळा हा घरखर्चाचा प्रश्न असतो. तेथे वर्षातील पाच-सहा महिने घर तापवावे लागते आणि ज्या कुटुंबाची मिळकत तोकडी, त्याला इंधनाचे बिल भरावे की इतर गरजा भागवाव्यात, असा हिशेब मांडावा लागतो. २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर तेथून जर्मनीला येणारा नैसर्गिक वायू आटला आणि हा हिशेब अधिकच कठीण झाला. ह्याच जर्मनीत झालेल्या एका जुन्या प्रयोगाची ओळख वाचकांना करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

डार्मश्टाट शहरातील क्रानिखश्टाइन ह्या भागात १९९०-९१ साली एकमेकांना लागून चार घरे बांधण्यात आली. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट आणि स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे प्राध्यापक बो आडामसन ह्यांच्यात १९८८ साली झालेल्या चर्चेतून ह्या घरांची कल्पना निघाली होती. पद्धतीला नाव मिळाले ‘पासिवहाउस’. त्याचे ‘निष्क्रिय घर’ असे भाषांतर केल्यास घर आळशी वाटू लागेल! अर्थ एवढाच, की घर उबदार ठेवण्यासाठी यंत्रांची खटपट जवळजवळ करावी लागत नाही.

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या देहातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडत असते. स्वयंपाक, दिवे, घरगुती उपकरणे ह्यांचीही भर पडते आणि दक्षिणेकडील खिडक्यांतून हिवाळ्यातील ऊन आत येते. सामान्य घरात ही ऊब भिंती, छप्पर आणि फटींतून निघून जाते व तिची भरपाई इंधन जाळून करावी लागते. गळक्या रांजणात पाणी ओतत राहण्यापेक्षा त्याची भोके बुजवावीत, हा ह्या प्रयोगामागील साधा विचार होय.

भोके बुजविणे मात्र साधे नव्हते. क्रानिखश्टाइनच्या घरांत भिंतींवर २७.५ सेंटिमीटर जाडीचा उष्णतारोधक थर चढविला गेला, तर छपरात ४४.५ सेंटिमीटर. खिडक्यांना तिहेरी काचा बसविल्या. चौकटींतूनही उष्णता निसटू नये अशी व्यवस्था केली. असे घर सर्व बाजूंनी बंद केल्यावर जीव गुदमरणार नाही काय, ही शंका रास्त आहे. त्यासाठी बाहेर जाणारी शिळी हवा आणि आत येणारी ताजी हवा एका उपकरणातून शेजारी-शेजारी नेतात. हवा मिसळत नाही, परंतु जाणारीची ऊब येणारीला मिळते. अशा रीतीने निदान तीन-चतुर्थांश उष्णता वाचावी, असा दंडक आहे. खिडक्या हव्या तेव्हा उघडता येतात, हे वेगळे सांगायला नको.

घर तापविण्यासाठी प्रत्येक चौरस मीटरला वर्षाकाठी १५ युनिटांहून अधिक ऊर्जा लागू नये, ही ह्या पद्धतीची मर्यादा. म्हणजे जेमतेम दीड लीटर तेल! तिकडच्या जुन्या, थर न चढविलेल्या घराला ह्याच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक लागते. क्रानिखश्टाइनची घरे पंचवीस वर्षांनंतर तपासली, तेव्हाही ती पूर्वीसारखीच चोख असल्याचे आढळले. आपल्या किनारपट्टीच्या दमट उकाड्यात हे घर जसेच्या तसे उचलून आणण्यात अर्थ नाही, हे येथेच सांगून टाकतो. आपल्याला आधी सावली व वारा हवा.

अशा बांधकामाला सुरुवातीचा खर्च अधिक येतो आणि कारागिराचा हातही सफाईदार लागतो. एखादी फट राहिली तर सारा खटाटोप वाया. म्हणूनच ही घरे केवळ धनिकांसाठी राहतील काय, हा प्रश्न आम्हांस तंत्राहून महत्त्वाचा वाटतो. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात ऊर्जेची बचत करणाऱ्या इमारतींच्या बांधकामाला व दुरुस्तीला उत्तेजन द्यावे, असे सुचविले (परिच्छेद १८०). त्याच परिपत्रकात वातानुकूलन यंत्रांच्या वाढत्या हव्यासाबद्दल नापसंतीही आहे. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक शहराने ह्या प्रश्नाचे उत्तर त्याआधीच दिले होते. तेथील ‘नॉय हायमाट टिरोल’ ह्या गृहनिर्माण संस्थेने २००९ साली लोडेनआरेआल वसाहतीत ह्याच पद्धतीच्या ३५४ सदनिका पूर्ण केल्या. त्या बंगलेवाल्यांसाठी नव्हत्या. परवडणाऱ्या भाड्याच्या होत्या.