पोलादाचे बळ आणि सूक्ष्म कणांचे अर्थकारण

बांधकामाच्या सळईची प्रत ‘एफई ४१५’, ‘एफई ५००’ किंवा ‘एफई ५५०’ अशी सांगितली जाते. भारतीय मानक १७८६ नुसार यातील आकडा त्या सळईचे किमान यील्ड सामर्थ्य दर्शवितो आणि तो न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर या एककात असतो. पूल, धरणे, रेल्वेमार्ग आणि घरे यांची सुरक्षितता तसेच त्यांसाठी लागणाऱ्या पोलादाचे वजन बऱ्याच अंशी या आकड्यावर ठरते. लोखंडाचे हे सामर्थ्य केवळ त्यातील घटकद्रव्यांवर अवलंबून नसते. त्याच्या अंतर्गत कणांचा आकारही तितकाच निर्णायक ठरतो.

यील्ड सामर्थ्य आणि स्फटिककण

धातूवर अल्प भार टाकल्यास तो किंचित ताणला जातो आणि भार काढताच पूर्वस्थितीत येतो. भार एका मर्यादेपलीकडे गेला की धातूत कायमचे विरूपण होते. ज्या ताणाला हे विरूपण सुरू होते, त्यास यील्ड सामर्थ्य म्हणतात. अभियंते संरचनेचा आराखडा प्रामुख्याने याच मर्यादेच्या आधारे करतात.

लोखंडाचा तुकडा एकसंध दिसला तरी तो असंख्य सूक्ष्म स्फटिककणांचा बनलेला असतो. प्रत्येक कणात अणूंची रचना शिस्तबद्ध असते, मात्र शेजारच्या कणात तिची दिशा निराळी असते. दोन कण जेथे भेटतात, ती कणसीमा होय. स्फटिकाच्या रचनेत काही रेषीय दोष असतात. त्यांना डिस्लोकेशन म्हणतात. धातू वाकतो तो हे दोष सरकत गेल्यामुळे. कणसीमेपाशी रचनेची दिशा बदलत असल्याने त्यांची वाट अडते आणि ते एकामागोमाग एक साचू लागतात.

मोठ्या कणात अधिक दोष साचतात व रांगेच्या अग्रभागी ताण मोठ्या प्रमाणात केंद्रित होतो. परिणामी शेजारच्या कणातील दोषही हलू लागतात आणि विरूपण पसरते. लहान कणात ही रांग आखूड राहते. म्हणून तोच परिणाम घडविण्यास बाहेरून अधिक ताण द्यावा लागतो.

हॉल-पेच संबंध

ई. ओ. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि एन. जे. पेच यांनी १९५३ मध्ये हा संबंध सूत्ररूपाने मांडला. त्यानुसार यील्ड सामर्थ्य हे दोन पदांची बेरीज असते. पहिले पद म्हणजे स्फटिकाचा स्वतःचा अवरोध. दुसरे पद म्हणजे एक स्थिरांक भागिले कणाच्या सरासरी व्यासाचे वर्गमूळ. रांगेतील दोषांची संख्या कणाचा व्यास आणि दिलेला ताण या दोहोंच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे अग्रभागीचा ताण हा दिलेल्या ताणाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. सूत्रात वर्गमूळ येते ते यामुळेच.

सौम्य पोलादासाठी पहिले पद ७० मेगापास्कल आणि स्थिरांक ०.७४ (मेगापास्कल गुणिले मीटरचे वर्गमूळ) अशी ठोकळ मूल्ये घेतल्यास चित्र स्पष्ट होते. कणाचा व्यास १०० मायक्रोमीटर असता सामर्थ्य सुमारे १४४, २५ मायक्रोमीटर असता २१८ आणि ४ मायक्रोमीटर असता ४४० मेगापास्कल येते. म्हणजे व्यास चौपटीने घटला की दुसरे पद दुप्पट होते.

सामर्थ्याबरोबर चिवटपणा

सामर्थ्य वाढविण्याचे अन्य मार्गही आहेत. कार्बनचे प्रमाण वाढविता येते, परंतु त्यामुळे पोलाद ठिसूळ होते व त्याची वेल्डिंगक्षमता घटते. कण सूक्ष्म केल्यास मात्र सामर्थ्य आणि चिवटपणा दोन्ही वाढतात; शिवाय पोलाद ज्या तापमानाखाली ठिसूळ बनते, ते तापमानही खाली येते. याचे महत्त्व दुसऱ्या महायुद्धात प्रकर्षाने जाणवले. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेतील ‘शेनेक्टडी’ हे तेलवाहू जहाज बंदरात उभे असतानाच दुभंगले. वेल्डिंगमधील दोष, ताणांचे केंद्रीकरण आणि थंडीत ठिसूळ होणारे पोलाद अशी अनेक कारणे त्यामागे होती.

कण सूक्ष्म करण्यासाठी नियंत्रित तापमानाला लाटणे आणि त्यानंतर वेगाने थंड करणे या प्रक्रिया वापरतात. नायोबियम, व्हॅनेडियम किंवा टायटॅनियम ही मूलद्रव्ये सामान्यतः ०.१ टक्क्याहूनही कमी प्रमाणात मिसळली जातात. त्यांची सूक्ष्म संयुगे कणसीमांना जखडून ठेवतात व कणांची वाढ रोखतात. टीएमटी सळईचे बळ मात्र मुख्यतः पाण्याने झटपट थंड केलेल्या तिच्या कठीण बाह्य थरातून येते. ही दोन तंत्रे परस्परांहून भिन्न आहेत.

मर्यादा

सूक्ष्म कण सर्वत्र इष्ट असतात असे नाही. उच्च तापमानाला सतत भार पेलणाऱ्या भागांत कणसीमाच कमकुवत ठरतात. रोहित्रांसाठी लागणाऱ्या विद्युत पोलादात चुंबकीय ऊर्जाऱ्हास कमी राखण्यासाठी मोठे व विशिष्ट दिशेने रचलेले कण हवे असतात. कणांचा आकार काही नॅनोमीटरपर्यंत उतरला की हॉल-पेच संबंधही लागू राहत नाही.

भारतापुढील प्रश्न

खेचताण सोसणाऱ्या भागात २५० मेगापास्कलऐवजी ३५० मेगापास्कलचे पोलाद वापरल्यास तत्त्वतः सुमारे २८ टक्के वजन वाचू शकते. मात्र पोलादाचा ताठरपणा कणाच्या आकाराने बदलत नाही. त्यामुळे जेथे वाकणे किंवा दाबाखाली लचकणे निर्णायक असते, तेथे ही बचत पूर्णपणे मिळत नाही. तरीही भारतात एक टन कच्चे पोलाद तयार होताना सुमारे २.५ टन कार्बन डायऑक्साइड उत्सर्जित होतो, हे पाहता वाचलेल्या प्रत्येक टनाला आर्थिक व पर्यावरणीय मोल आहे.

राष्ट्रीय पोलाद धोरण, २०१७ मध्ये २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन उत्पादनक्षमतेचे लक्ष्य ठरविण्यात आले. जुलै २०२१ मध्ये विशेष पोलादासाठी ६,३२२ कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना मंजूर झाली. तिच्यात उच्च सामर्थ्याच्या पोलादाबरोबर विद्युत पोलादाचाही समावेश आहे. दुसरीकडे, जगातील बहुतांश नायोबियम एकट्या ब्राझीलमधून येते. नायोबियम, व्हॅनेडियम व टायटॅनियम या तिन्हींचा समावेश केंद्राने जून २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत आहे.

पोलाद क्षेत्राचे मूल्यमापन आजवर मुख्यतः टनांत होत आले. त्याच टनातून अधिक बळ मिळविण्यासाठी नियंत्रित लाटणी, काटेकोर चाचणी आणि खनिजांचा खात्रीशीर पुरवठा यांत गुंतवणूक करावी लागेल. क्षमतेच्या लक्ष्याला गुणवत्तेची जोड मिळते की नाही, हे त्यावरच ठरेल.